ज्याला संशय, त्याच्या हातात काठी

आमच्या पुढच्या ओट्यावर, तुळशीच्या डाव्या हाताला, सिमेंटात एक खिळा मारलेला आहे. जाड डोक्याचा, डोक्याच्या मधोमध बारीक टिंब. मागच्या सुट्टीत एक पाव्हणे त्याला ठेचकाळले आणि म्हणाले, "मावशी, हे आधी काढून टाका." मी म्हटलं, "तुम्हाला दुसरीकडं खोली बघून देते, पण खिळा निघायचा नाही." आमचे हे आतून ओरडले, गिऱ्हाइकाशी असं बोलतात का? बोलतात. मी बोलते. हरिहरेश्वरला येणाऱ्या भाविकांना दोन खोल्या आणि घरचं जेवण, एवढाच आमचा धंदा, पण म्हणून कोणीही येऊन माझ्या ओट्यावरचं काही उपटायला सांगावं असं नाही.

तो खिळा मोहितेसाहेबांचा. सरकारी मोजणीदार. शेजारच्या गावठाणाची ड्रोनवरून मोजणी निघाली तेव्हा ते आमच्याकडं खोली घेऊन राहिले होते. पन्नाशीचा सडपातळ माणूस, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, शर्टाच्या कॉलरला मागून अडकवलेली छत्री. आणि चेहरा असा, की कोळणीनं ताजी म्हणून मासळी पुढं केलीय आणि याला वास येतोय. पहिल्या दिवशी इतर पाव्हण्यांसारखं गरम पाणी किती वाजता, पंखा चालतो का, असलं काही विचारलं नाही. विचारलं काय, तर, "वहिनी, हे घर कुठल्या गावच्या हद्दीत येतं?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"म्हणजे मी मोजतोय त्या गावात नाही. मग चालेल," म्हणाले आणि पिशव्या आत घेतल्या. मी ह्यांना म्हटलं, जरा लक्ष ठेवा, माणूस सरळ दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर ठाकठूक ऐकू आली म्हणून बाहेर येते तर हा गृहस्थ खिळा ठोकतोय. माझं तोंड सुटायच्या आत म्हणाले, "सकाळी रोज एकदा यंत्र याच्यावर ठेवून बघायचं असतं. काल जिथं होतो तिथंच आहोत का."

"अहो, आमचा ओटा काय पळून जातोय?"

"ओटा नाही पळत. यंत्र पळतं."

यंत्र म्हणजे एक उंच काठी, तिच्या डोक्यावर पांढरा डबा, आणि मधे अडकवलेला मोबाइलसारखा पडदा. रोव्हर म्हणायचे त्याला. वरच्या उपग्रहांकडून आणि सरकारनं ठिकठिकाणी बसवलेल्या कायमच्या स्टेशनांकडून त्याला खबर येते म्हणे. खबर पक्की आली की पडद्यावर 'फिक्स' असं येतं. म्हणजे बोटभराच्या आत जागा सापडली. खबर कच्ची असली की येतं 'फ्लोट'. फ्लोट म्हणजे यंत्राला आपलं वाटतंय की आपण इथं आहोत, पण खात्री नाही.

"आमच्या ह्यांच्यासारखं," मी म्हटलं. मोहितेसाहेब हसले नाहीत. खिळ्यावर काठी टेकवून, काठीला लावलेल्या काचेतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत श्वास रोखून उभे राहिले. मग पडद्याकडं बघून मान हलवली आणि आंघोळीला गेले. हे रोज. नवं यंत्र, सरकारी यंत्र, लाखमोलाचं यंत्र, पण या माणसाचा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही.

आणि यंत्रावर नाही तसा माणसांवरही नाही. कोळीण म्हणायची, "सायेब, सुरमय आजचीच हाय." साहेब म्हणायचे, "फ्लोट." कंडक्टर सांगायचा एसटी पाचला सुटेल, तर साहेब मला हळूच, "फ्लोट." दुधाचा कप हातात घेतला की आधी वास घ्यायचे. माझ्या डोक्यात तिडीक जायची. एकदा मी सुनावलंच, "विष नाही घातलेलं." तर म्हणाले, "तुमच्यावर संशय नाही वहिनी, दुधावर आहे." सोलकढीला मात्र एकदा 'फिक्स' म्हणाले होते. त्या दिवशी मी ह्यांना तीनतीनदा तेच सांगत होते.

गावालाही त्यांच्याबद्दल तेवढाच संशय. पहिला संशय नावाचा. मोहिते म्हणजे नेमके कुठले? मराठे, की वरच्या बौद्धवाडीत आहेत त्यांच्यातले? कोकणात मोहिते दोन्हीकडं सापडतात. आमच्या शेजारचे गोविंदनाना, गावच्या सगळ्या चौकश्यांचे मुखत्यार, ते रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे आणि वळसे घालून विचारायचे. "सायेब, मोहिते म्हंजे कुठलं म्हनायचं?"

"म्हसळ्याचे."

"त्ये झालं वो. पन मूळचं?"

"मूळचेही म्हसळ्याचेच."

"कुलदैवत कंचं तुमचं?"

मोहितेसाहेब छत्री झटकत उठायचे. "नाना, मी तुमचं घर मोजायला आलो तरी तुमचं कुलदैवत विचारणार नाही." नाना चरफडत घरी जायचे आणि जाताना मला सांगायचे, "सांगत न्हाय म्हंजे कायतरी हाय."

मग आमच्या गावच्या मोजणीचा नंबर लागला. पंचायतीच्या रिक्षानं भोंग्यावरून दवंडी दिली, त्याच दुपारी मोहितेसाहेब जेवून उठले, खोलीत गेले आणि पिशव्या भरून बाहेर आले.

"आता तुमच्या गावची मोजणी. तुमच्याकडं राहता येणार नाही."

"अहो पण आम्ही काय केलं?"

"काहीच नाही. म्हणूनच आत्ता निघतो."

मला असा राग आला म्हणून सांगू! आम्ही काय त्यांना सोलकढी पाजून वाडी वाढवून घेणार होतो? दुसऱ्या दिवसापासून ते म्हसळ्याहून मोटारसायकलनं येऊ लागले. घरून भाकरी आणायचे, एसटीच्या थांब्यावर एकटे बसून खायचे. पाण्याची बाटली स्वतःची. कोणाच्या खुर्चीवर बसायचे नाहीत, कोणाच्या दारात चप्पल काढायचे नाहीत, आणि चहाला तर हात लावत नसत.

आता आमच्याकडची रीत अशी, की दारी आलेला माणूस चहा नाकारत नाही. नाकारला, तर त्याचा अर्थ एकच. गोविंदनानांनी तो पहिल्याच दिवशी लावला. "आपला चा पीत न्हाय, म्हंजे दुसरीकडं जेवलाय."

दुसरीकडं म्हणजे कुठं, हे कोणी बोललं नाही तरी सगळ्यांना कळलं. नरेशशेठकडं. पनवेलकडचा माणूस, ट्रकच्या धंद्यात वर आलेला. आमच्या वाडीपलीकडची माडपोफळीची वाडी त्यानं विकत घेतली होती आणि समुद्राच्या तोंडावर रिसॉर्ट बांधलं होतं. त्याच्या आणि आमच्या वाडीच्या मधून एक पाखाडी जाते. चिऱ्यांच्या पायऱ्यांची गावची जुनी वाट, बौद्धवाडीपासून खाली रस्त्यापर्यंत. ती आपल्या जागेत येते असं नरेशशेठ चारचौघांत म्हणायला लागला होता, आणि कुंपणाला म्हणून चिऱ्यांची थप्पी पाखाडीच्या तोंडाशी आणून लावली होती.

आम्हाला त्या वाटेचं फारसं काही नव्हतं, आमचं दार रस्त्यावर. पण वरच्या वाडीतल्या सुमनचं सगळं त्या वाटेवर होतं. सुमन जाधव, आमच्या अंगणवाडीची बाई. तिचा नवरा दत्ताराम, दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, डायलिसिसवर. आठवड्यातून दोनदा त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघंजण पाखाडीनं खाली आणायचे, खाली रिक्षा उभी. पाखाडी बंद झाली तर दुसरी वाट खडपावरून, समुद्राच्या कडेच्या खडकांतून, आणि भरतीला तिथं कमरेएवढं पाणी. आजारी माणसानं डायलिसिसची वेळ भरती-ओहोटी बघून ठरवायची का? आमच्या वाडीच्या गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, पाखाडीला वळण होतं, तिथं ती जरा अरुंद होती. खुर्ची तिरपी करावी लागायची, धरणाऱ्यांची कोपरं गडग्याला खरचटायची, आणि दत्ताराम "सावकाश रे" म्हणायचा. माझ्या स्वयंपाकघरात ते ऐकू यायचं. वर्षानुवर्षं मी ते ऐकत होते.

ड्रोन उडायच्या आधी मोहितेसाहेबांनी मंदिरासमोर सगळ्यांना बोलावलं. ड्रोन वरून फोटो काढतो, त्या फोटोंचा नकाशा होतो. तेव्हा आपापल्या जागेच्या कडेनं चुन्याची फक्की मारा, म्हणजे वरून हद्द दिसेल. वाद असेल तिथं दोघांनी मिळून मारा. एवढं साधं सांगितलं.

पण गावानं ऐकलं काय, तर जिथं चुना तिथं मालकी! मग काय विचारता. त्या दोन दिवसांत आमचं गाव पांढरं झालं. प्रत्येकाला वाटे शेजारी आपल्या आत मारणार, म्हणून प्रत्येकानं जरा बाहेरूनच मारली. शेजाऱ्यानं ती पाहिली की तो आणखी बाहेरून मारी. गोविंदनानांनी भावाच्या न्हाणीच्या दगडावरून फक्की ओढली, भावानं नानांच्या कोंबड्यांच्या खुराड्याला वेढा घातला. माझी फक्की मी स्वतः मारली, ह्यांच्यावर मी असली कामं सोडत नाही. पाखाडीच्या कडेनं गडग्यालगत सरळ रेघ ओढली आणि बघते तर पलीकडून नरेशशेठचा माणूस रेघ ओढत येतोय, ती नेमकी माझ्या रेघेला चिकटून. म्हणजे मधली पाखाडी त्याच्या पोटात!

मी भांडले. पण भांडले कशासाठी, तर त्याची रेघ माझ्या रेघेवर चढू नये म्हणून. आपली वाडी शाबूत आहे ना, मग झालं. आणि पाखाडीच्या दोन्ही कडांनी स्वतंत्र फक्की कोणीच मारली नाही. खालच्या आळीला वाटलं, वाट वरच्यांची, ते मारतील. वरच्या वाडीला वाटलं, आपण मारली तर म्हणतील बघा, आता रस्ताही मागायला लागले. सुमन मला नंतर म्हणाली, "काकू, मी चुन्याचं घमेलं घेऊन खाली आले होते. तुम्ही दोघं भांडत होतात, म्हणून परत गेले."

ड्रोन उडाला. पोरंटोरं ओरडली, कावळे मागं लागले, आणि काही महिन्यांनी नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लागला. सगळं गाव त्याच्यापुढं. घरं, विहिरी, मंदिर, नानांचं खुराडं सुद्धा. पाखाडी नाही. आमची वाडी, तिला लागून थेट नरेशशेठची वाडी. मधे नुसत्या माडांच्या झावळ्या.

सुमन नकाशापुढं उभी होती. बोट ठेवून ठेवून शोधत होती. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग पदर तोंडाला लावून घरी गेली.

"खाल्लान! नरेशशेठकडं खाल्लान म्हनून आपल्याकडं चा पीत न्हवता!" नाना पंचायतीच्या पायरीवर ओरडले. आणि मी काय गप्प बसणार? त्याच आठवड्यात एका सकाळी मी मोहितेसाहेबांना नरेशशेठच्या वाडीतून बाहेर येताना माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एकटे. बरोबर यंत्र नाही, शिपाई नाही, हातात एक लोखंडी सळई आणि गुडघ्यापर्यंत माती. मला बघून थबकले आणि नमस्कार न करता निघून गेले. हे मी गावभर सांगितलं. सांगणारच! आमच्या घरी दुधाचा वास घेणारा माणूस सकाळी सकाळी शेठच्या वाडीत काय करतो?

गावानं हरकत घेतली. हरकतीच्या दिवशी मोहितेसाहेब आले. आज रोव्हर होताच, शिवाय तिपाईवर बसणारं दुर्बिणीसारखं दुसरं एक यंत्र. पाखाडीच्या तोंडाशी सगळा गाव गोळा. चिऱ्यांच्या थप्पीवर नरेशशेठ पाय टाकून बसलेला. नानांनी तोफ डागली, "सायेब, नकाशा कुनाच्या घरी बसून काढलात?"

मोहितेसाहेबांनी छत्री कॉलरची काढून माडाला टेकवली. "माझ्या नकाशावर तुमचा संशय आहे?"

"हाय!"

"माझाही आहे. ड्रोनला माडाखालचं दिसत नाही, आणि चुना तुम्ही स्वतःपुरता मारलात. म्हणून मी सळई घेऊन दोन्ही वाड्यांत खोचून बघत होतो, जुन्या पाखाडीची चिऱ्यांची किनार कुठं लागते ते." मग माझ्याकडं बघून, "तुमच्याही वाडीत येऊन गेलो वहिनी. तुम्ही नाक्यावर माझ्याबद्दल सांगायला गेला होतात तेव्हा. तुमच्या ह्यांना विचारून गेलो."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे माडाच्या शेंड्याकडं बघत होते.

"आता ऐका," साहेब म्हणाले. "आज काठी माझा शिपाई धरणार नाही, मीही धरणार नाही. ज्याला संशय, त्याच्या हातात काठी."

आधी रोव्हर नरेशशेठच्या हातात दिला आणि त्याला झाडांखाली उभं केलं. "काय दिसतंय, वाचा."

"फ्लोट."

"थांबा जरा. आता?"

"अजून फ्लोटच. म्हणजे काय?"

"म्हणजे वर आकाश दिसत नाही, आणि इथं या यंत्राचं ऐकायचं नाही. उघड्यावरच्या पक्क्या जागेवरून दुर्बिणीनं माप आत आणायचं." पक्की जागा कुठली, तर आमच्या ओट्यावरचा खिळा. शेठ उसळला, "वा रे वा! खिळा हिच्या ओट्यावर!"

मला वाटलं आता साहेब चिडतील. ते म्हणाले, "रास्त संशय आहे. म्हणून दुसरी खूण तुमच्या गच्चीवर घेऊ. दोन्हीकडून माप जुळलं तरच धरायचं."

तसंच केलं. खिळ्यावर काठी सुमनला धरायला लावली, गच्चीवर शेठला. मग दुर्बीण पाखाडीत आली. काठीच्या टोकाला आरसा, दुर्बीण त्याच्यावर किरण टाकते आणि अंतर आणि कोन मोजून घेते. काठी मात्र उभी सरळ पाहिजे, काचेतला बुडबुडा मधोमध पाहिजे. साहेब पुढं सळई खोचत चालले. नुसती माती असली की सळई भसकन आत जायची, चिरा लागला की ठण्ण वाजायची. जिथं वाजेल तिथं पालापाचोळा काढायचा आणि सगळ्यांदेखत काठी ठेवायची. शेठच्या बाजूची किनार शेठकडून, आमच्या बाजूची माझ्याकडून. शेठचा फोन वाजला, तो एका हातानं खिशाकडं गेला, तर दुर्बिणीमागून आवाज आला, "फोन राहू द्या. बुडबुडा बघा." आणि ट्रकांचा तो मालक मुकाट्यानं बुडबुडा बघू लागला! मला हसू आवरेना.

शेठच्या बाजूची किनार वरपासून खालपर्यंत लागली. त्याच्या चिऱ्यांची थप्पी सबंध पाखाडीतच होती. गाव खूष. मी तर काठी घेऊन अशी चालले होते, जशी पालखीपुढची मानकरीण. मग आमच्या गडग्याचं वळण आलं.

साहेबांनी सळई खोचली. माती. आणखी अलीकडं खोचली. माती. मग गडग्याच्या दगडांमधल्या फटीतून तिरपी आत सारली, आणि ती ठण्ण वाजली.

"वहिनी, काठी किनारीवर धरा."

"किनार इथं नाहीच."

"आहे. गडग्याखाली आहे. वरचे दगड काढा."

"माझ्या सासऱ्यांनी बांधलेला गडगा आहे हा!"

"सासऱ्यांना कोण काय म्हणतंय? काठी धरा."

शेठ मिशीत हसतोय. सुमन दुसरीकडं बघत होती, माझ्याकडं बघत नव्हती, तेच मला जास्त लागलं. ह्यांनी पुढं होऊन दगड बाजूला केले. खाली किनारीचा चिरा होता, शेवाळलेला, बाकीच्या किनारीच्या ओळीत सरळ. चांगला हातभर गडगा आमचा वाटेत होता. म्हणजे वळण अरुंद नव्हतंच. आम्ही अरुंद केलं होतं.

मी चिऱ्यावर काठी टेकवली. बुडबुडा थांबेना. मला राग आला होता, कोणावर ते मलाही कळत नव्हतं. मला वाटलं साहेब म्हणतील, द्या इकडं, शिपाई धरेल. ते दुर्बिणीला डोळा लावून उभे राहिले. मला एकदम त्या जागेवरचं "सावकाश रे" ऐकू आलं. डोळ्यांत पाणी आलं, बुडबुडा दिसेना. पदरानं डोळे पुसले, दोन्ही हातांनी काठी घट्ट धरली, आणि तो आला एकदाचा मधोमध.

"फिक्स," मी म्हटलं. तो शब्द त्या दुर्बिणीचा नव्हता, पण साहेबांनी दुरुस्त केलं नाही.

कचेरीतला जुना नकाशा मागवून साहेबांनी तोही पडताळून पाहिला, त्याच्यावरही त्यांचा भरवसा नव्हताच. तो जुळला. नवा नकाशा लागला तेव्हा त्यात पाखाडी होती, पूर्ण रुंदीची. शेठनं चिरे उचलले आणि कुंपण आत घेतलं. ह्यांनी गडगा मागं सरकवला. शेवटचा दगड सरकवायला गोविंदनाना सुद्धा आले, तोंडानं कुरकुरत. त्यानंतर दत्तारामला खाली आणलं त्या दिवशी मी मुद्दाम खिडकीत उभी होते. वळणावर खुर्ची सरळ पुढं आली, कोणाचं कोपर लागलं नाही. दत्तारामनं मान वळवून गडग्याकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहून हात वर केला. मी आत जाऊन रडले.

नवा नकाशा लावायला साहेब आले होते तेव्हा मी चहा घेऊन गेले होते. म्हटलं, आता तर झालं ना सगळं? "हरकतीची मुदत आहे अजून," म्हणाले. आणि मुदत संपायच्या आत त्यांची बदली झाली. कुठल्या मोहित्यांपैकी ते शेवटपर्यंत कळलं नाही. नाना अजून मधूनमधून विचार करतात.

यंदा दिवाळीनंतर मी लेकीकडं गेले होते. तिचं सासर न्हावा शेव्याच्या अंगाला. पूर्वी मिठागरं, आता कंटेनरच्या गाड्या आणि रुंद होत चाललेले रस्ते. तिच्या सासऱ्यांच्या राहिलेल्या तुकड्यावरून नवा रस्ता जाणार होता, त्याची मोजणी होती आणि पलीकडच्या जमीनवाल्याशी हद्दीचा वाद होता, म्हणून सगळे बांधावर जमले होते. मीही चहाचा थर्मास घेऊन गेले. समोरून कंटेनर धडधडत चाललेत, आणि धुळीत तिपाई लावून एक सडपातळ माणूस उभा. कॉलरला मागून छत्री.

"साहेब!" मी ओरडलेच.

मोहितेसाहेब वळले. केस पांढरे झाले होते. ओळखलं आणि पहिल्यांदाच त्यांना मोकळं हसताना पाहिलं मी. "वहिनी! खिळा आहे का?"

"आहे. आणि पाखाडीही आहे. दत्ताराम पण आहे. आता इथं माझ्या गावची मोजणी नाही, आता तरी चहा घ्या."

मी कप भरून दिला. त्यांनी घेतला. दुधाचा वास न घेता तोंडापर्यंत नेला, आणि थांबले.

"तुम्ही इकडं कोणाकडं आलात?"

मी बांधावरच्या लेकीकडं बोट दाखवलं. "ही माझी मुलगी. हा तुकडा तिच्या सासऱ्यांचा."

साहेबांनी तिच्याकडं बघितलं, कपाकडं बघितलं. मग कप माझ्या हातात परत दिला. जपून, सांडू न देता. "राहू दे वहिनी," म्हणाले, आणि दुर्बिणीकडं गेले.

लेक माझ्या कानाशी आली. "बघितलंस आई? चहाला शिवला नाही. म्हणजे पलीकडच्या पार्टीकडं पिऊन आलाय. सासरे म्हणतच होते, हा माणूस त्यांचाच."

तिचा चेहरा बघितला आणि मला माझाच चेहरा दिसला. समजावत बसले असते तर पटलं नसतं तिला. मला तरी कुठं पटलं होतं?

"संशय आहे ना तुला?" मी म्हटलं. "मग जा. काठी माग त्यांच्याकडं."

ती तणतणत गेली. साहेबांनी काठी तिच्या हातात दिली, सीमेच्या दगडावर उभं राहायला सांगितलं आणि दुर्बिणीला डोळा लावला. कंटेनर जात होते, जमीन हादरत होती.

"बुडबुडा मध्ये येऊ द्या, ताई," त्यांचा आवाज आला.

त्यांचा कप माझ्या हातातच होता, अजून गरम. तो मीच पिऊन टाकला.